आजारी नेत्याची विश्रांती आणि कारभार

महोदय,

खासदार संजय राऊत यांनी ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी पत्र लिहून, प्रकृतीत गंभीर बिघाड झाल्याचे आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार गर्दीत मिसळण्यावर निर्बंध आल्याचे स्वतःच जाहीर केले, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनीही त्यांना लवकर बरे होण्याच्या शुभेच्छा दिल्या. हा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो.

आम्हा ठाणेकरांना त्याचे मोल अधिक कळावे. ऑगस्ट २००१ मध्ये अपघातानंतर उपचार घेत असलेल्या आनंद दिघे यांचे निधन झाले आणि संतप्त जमावाने रुग्णालयच पेटवले. तेथे इतरही रुग्ण होते, हे आठवले की आजही जीव कासावीस होतो. नेता रुग्णालयात असताना कार्यकर्त्यांनी फाटकाशी गर्दी करू नये, एवढी साधी विनंती पक्षांनीच का करू नये?

मात्र पद मंत्र्याचे असेल तर केवळ शुभेच्छा पुरत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनास उपस्थित राहू शकले नाहीत, आणि कार्यभार कोणाकडे द्यावा यावर वाद रंगला. बरे होऊ पाहणाऱ्या माणसामागे असा वाद लावणे मला निर्दयपणाचे वाटते. विश्रांतीचा अंदाजे काळ आणि तोवर निर्णय कोण घेणार, हे पहिल्याच दिवशी लेखी जाहीर व्हावे. महापालिकेतील पदाधिकाऱ्यांनीही हीच पद्धत पाळावी.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे