बेसाचा प्लॉट विकू नका

डॅलस, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या रविवारी फोन ठेवताना तुम्ही "बेसाचा प्लॉट काढतो, तू नवा ट्रक घे" एवढेच म्हणालात आणि मला उत्तर सुचले नाही. फोनवर तुम्ही हिशेब शेवटपर्यंत ऐकून घेत नाही आणि माझाही आवाज दाटून येतो, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे. प्लॉट विकायचा नाही आणि नवा ट्रकही घ्यायचा नाही. दसऱ्याला आपण चौघे याच २००७ सालच्या ट्रकमागे ट्रेलर जोडून ग्रँड कॅन्यनला निघणार आहोत. ट्रेलरचे पैसे भरून झाले आहेत आणि तो आमच्या अंगणात उभा आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, याबद्दल क्षमा करा.

मार्चमधली गोष्ट तुम्हाला अनिरुद्धच्या बोलण्यातून कळली, ती मीच सांगायला हवी होती. आई ऐकेल आणि तिची झोप उडेल, या भीतीने मी गप्प राहिले. आम्ही सरावासाठी एक ट्रेलर भाड्याने आणला होता आणि सामान लावताना मागच्या बाजूला दोन सायकली, जनरेटर आणि पाण्याचे कॅन रचले होते. हायवेवर एक अठरा चाकी ट्रक शेजारून वेगाने पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर डुलू लागला आणि प्रत्येक झोक्यासरशी आमच्या ट्रकचा मागचा भाग डावीउजवीकडे ओढला जाऊ लागला. अनिरुद्धने घाबरून ब्रेक दाबला, तेव्हा ते आणखी वाढले. पाय काढून घेतल्यावर वेग उतरला आणि ट्रेलर शांत झाला. कोणालाही खरचटले नाही, पण कडेला थांबल्यावर माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते.

त्या रात्री मला आजोबांची काटोलची बैलगाडी आठवली. भारे मागे रचले की आजोबा सगळे उतरवून पुन्हा लावायला लावत, कारण गाडी उलार झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरचे गणित अगदी तेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, ट्रकच्या जोडावर पडायला हवा. तो कमी पडला की ट्रेलरचे शेपूट मोकळे सुटते. आमचा ट्रेलर उलार झाला होता, आणि बाबा, पुढे नवा कोरा ट्रक असता तरी तो डुललाच असता. तुमच्या प्लॉटचे पैसे यावरचा उपाय नाहीत, असे मी म्हणते ते एवढ्यासाठीच.

तुमचा दुसरा प्रश्न होता की जुना ट्रक एवढे वजन ओढेल का. ट्रेलर विकणाऱ्याने "तुमचा ट्रक ३,८०० किलो ओढतो, मग काळजी कसली" असे हसत सांगितले होते. कंपनीचा आकडा तोच आहे, पण ओढण्याची क्षमता वेगळी आणि अंगावर घेण्याची क्षमता वेगळी. ट्रकच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून ट्रकमध्ये किती वजन चालेल ते तिच्यावर छापलेले असते. आमच्या पट्टीवरचा आकडा सुमारे ६८० किलो आहे. आपण चौघे मिळून २६५ किलो होतो आणि हिचचे, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जोडाचे, लोखंड ४५ किलो आहे. मला आधी आवडलेला मोठा ट्रेलर भरल्यावर ३,२५० किलोंचा झाला असता. त्याचा तेरा टक्के, म्हणजे ४२२ किलो भार जोडावर आला असता आणि बेरीज ७३२ किलोंवर गेली असती. ओढण्याच्या आकड्यात तो ट्रेलर सहज बसत होता, तरी ट्रकच्या अंगावरचे वजन पट्टीवरच्या मर्यादेबाहेर गेले असते. म्हणून मी तो सोडला आणि भरून २,३५० किलो होणारा लहान ट्रेलर घेतला. त्याचा भार ३०५ किलो, एकूण बेरीज ६१५ किलो, म्हणजे ६५ किलो शिल्लक राहतात.

हे आकडे कागदावरचे नाहीत. कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवण्याआधी तुम्ही जसे काट्यावर जात होता, तशी मीही ट्रक थांबतात तिथल्या काट्यावर तीनदा जाऊन आले: एकदा नुसता ट्रक, एकदा मागे ट्रेलर जोडून, आणि एकदा भार वाटून देणारे दोन लोखंडी दांडे हिचला लावून. दांडे नसताना ट्रकचे नाक उचलले जाऊन पुढच्या चाकांवरचे ९० किलो कमी झाले होते. दांडे लावल्यावर त्यातले ६० किलो पुन्हा पुढे आले आणि थोडा भार मागे ट्रेलरच्या चाकांवर गेला. पुढची चाके हलकी राहिली तर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कच्चे पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिन्ही पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. चश्मा लावून एकदा बेरीज तपासा.

ट्रक जुना आहे, त्याने २ लाख ४० हजार किलोमीटर धाव घेतली आहे, हे खरे. पण तो टेक्ससमध्येच वाढला आहे. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडीची चेसी गंजते. आमच्या ट्रकखाली मी स्वतः टॉर्च घेऊन शिरले आणि हातोडीने ठोकून पाहिले, लोखंड खणखणीत आहे. ब्रेकचे पॅड, डिस्क आणि रबरी नळ्या बदलल्या, जुने ब्रेक ऑइल पाणी शोषून घेते म्हणून तेही काढले. रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि पट्टा नवे आहेत. सर्वांत जास्त भीती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची होती, कारण वजन ओढताना तो तापतो आणि तापूनच मरतो. त्याचे ऑइल बदलून वेगळा कूलर बसवला आहे आणि तापमानाचा काटा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो ९५ अंशांच्या पुढे सरकला की मी वेग उतरवते, ११० दिसले तर गाडी कडेला घेणार. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद ठेवते, म्हणजे गिअरबॉक्स गिअर वरखाली करत राहत नाही.

ट्रेलरच्या चारही चाकांना विजेवर चालणारे ब्रेक आहेत आणि त्यांचा कंट्रोलर माझ्या गुडघ्याशी बसवला आहे. पुन्हा कधी डुलले तर ट्रकचा ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ धरून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा आणि हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा. मोकळ्या मैदानात अनिरुद्ध आणि मी याचा सराव केला आहे. जोड निसटलाच तर खाली फुलीसारख्या बांधलेल्या दोन साखळ्या ट्रेलरची दांडी जमिनीवर पडू देत नाहीत, आणि त्याहून दूर गेला तर एक तार खुंटी उपसते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक लावतो. टायर बाहेरून चांगले दिसत होते, पण त्यांच्यावरचे शेवटचे चार आकडे २३१५ होते, म्हणजे २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. पाचही बदलले.

बाबा, तुम्हाला कुरईचा घाट आठवतो का? खवासा मागे पडले की मी आपल्या ४०७ ट्रकमध्ये तुमच्या मांडीला खेटून बसायचे, मागे जबलपूरला निघालेली संत्री असायची, आणि तुम्ही म्हणायचात, "ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचे." एकदा पुढच्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा जळका वास आला, तेव्हा तुम्ही गाडी कडेला घेऊन चाकाखाली दगड लावला आणि मला संत्रे सोलून दिले, बिया काढून. इथल्या प्रत्येक उतारावर मला तो वास आधी आठवतो आणि मी वर असतानाच गिअर खाली आणते.

रस्ता मी मुद्दाम साधा निवडला आहे. अमरिलोपर्यंत दोन दिवस, मग चाळीस नंबरच्या हायवेने अल्बुकर्की, गॅलप, फ्लॅगस्टाफ आणि शेवटी उत्तरेला वळण. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर आहे आणि आपण दिवसाला ३०० च्या आत राहू. फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत इंजिनाची ताकद पाचव्या हिश्श्याने कमी होते, म्हणून चढावर आपण हळू जाऊ. इथे लोक ताशी १२० ने जातात. मी ९५ ओलांडणार नाही, कारण ट्रेलरचे बरेच टायर १०५ पर्यंतच्या वेगासाठी बनवलेले असतात. अमरिलोकडे आडवा वारा फार असतो. तसा वारा सुटला तर तो दिवस आपण हलायचे नाही. सगळे सुरळीत झाले तर कोजागरीला आपण कॅन्यनच्या कड्यावर मसाला दूध पिऊ. नाही पोहोचलो तर वाटेत पिऊ. तिथीसाठी घाई करायची नाही, हे मी अनिरुद्धला बजावून ठेवले आहे.

आई, आता तुझ्यासाठी. तुझा पलंग खाली आहे, शिडी चढायची नाही. दारात तीन पायऱ्या आहेत, तिथे मी तुझ्या उजव्या हाताला येईल असा कठडा बसवून घेतला आहे, आणि कमोड आपल्या महालच्या घरातल्या इतकाच उंच आहे. गॅसच्या दोन शेगड्या आहेत, त्यावर तीन लिटरचा कुकर बसतो, मी वरणभात लावून पाहिला. गाडी चालू असताना मात्र तू ट्रेलरमध्ये आडवी होणार नाहीस, कितीही पाठ दुखली तरी नाही. तिथे पट्टे नसतात. ट्रकच्या मागच्या सीटवर उशा ठेवल्या आहेत आणि दर दीड तासाने आपण थांबून दहा मिनिटे चालू. सिलिंडर निघण्याआधी बंद करायचा, हे काम तुझे.

सामान दोन बॅगांऐवजी एकेकच आणा. खलबत्ता आणायचा नाही, तो एकटाच चार किलोंचा आहे. पाण्याची टाकीसुद्धा मी पूर्ण भरत नाही, कारण दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. बाबांनी डॉक्टरांना २,१०० मीटरच्या उंचीबद्दल विचारायचे, रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्यायची आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या. मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत यंदा कोणीही उतरायचे नाही, गुडघा सांभाळून वरूनच बघा.

बाबा, पैसे नाकारले म्हणून मनाला लावून घेऊ नका. ४०७ विकला त्या दिवशी तुम्ही रात्री जेवला नव्हता, आणि त्याच पैशांतून तो प्लॉट आला. तो तुमच्या नावावर राहू द्या. मला तुमच्याकडून दुसरे काही हवे आहे. सीटमागच्या डब्यात तुमचा हवा मोजायचा पितळी गेज असायचा, तो आईच्या कपाटात वरच्या खणात असेल. तेवढा आणा, आणि रोज सकाळी चाके थंड असताना नऊच्या नऊ टायर, स्टेपनी धरून, तुम्ही स्वतः तपासा.

तुमची
मनू

ता. क. आई, दसऱ्याला आपट्याची पाने आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. ट्रकच्या पूजेसाठी झेंडू मी अंगणात लावला आहे.