दोघांपुरता दालचिनी टोस्ट

बॉस्टन, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू पुन्हा तेच म्हणालीस, "दोघांसाठी काय मेलं करत बसायचं!" जेवलात काय विचारलं तर उत्तर आलं, दूध-पोहे. त्याच्या आधीच्या खेपेला चहा आणि खारी. गणपतीत पंचवीस पानं एकटीने उठवणारी बाई तू, आणि घरात दोनच माणसं उरली म्हटल्यावर गॅस पेटवायला तयार नाहीस. रागवले तर तू म्हणणार, "तू ये, मग करते." तिथेच तर माझं भांडण आहे. पाहुण्यासाठी सगळं होतं. घरातली दोघं जणू हिशेबातच नाहीत.

म्हणून एक पदार्थ लिहून पाठवते आहे. मोठ्या पातेल्यात कमी करायचं म्हणून मन खट्टू व्हावं असा तो नाही. दोघांपुरताच चांगला होतो, उलट माणसं वाढली की करणारीची दमछाक. फोनवर सांगितलं तर रेंज जाते आणि बाबा मागून "अंडी किती, अंडी किती" विचारत राहतात, म्हणून कागदावर.

इथे रविवारी अकराच्या सुमाराला आम्ही तीन-चार घरं जमतो. नाश्ता उशिरा आणि जेवण लवकर असं एकत्र करून टाकायचं, त्याला ब्रंच म्हणतात. बाबांना ही माहिती आवडेल: १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने या प्रकाराची वकिली करणारा लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं, शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी उठवून जड जेवणाला बसवू नये. आपल्याकडे रविवारी उशिरा उठलं की आजी काय म्हणायची ते त्या गृहस्थाला ऐकवायला हवं होतं.

तर या ब्रंचला मी दालचिनीचा फ्रेंच टोस्ट करते, पण अख्ख्या स्लाइसचा नाही. घासाएवढे तुकडे. मुलं एका जागी बसत नाहीत, मोठ्यांच्या एका हातात कॉफीचा मग असतो, त्यामुळे ताटली, सुरी, काटा हे सगळं टाळून काडीने टोचून उचलता येईल असं काहीतरी हवं होतं. करता करता लक्षात आलं की हे बाबांच्या नव्या कवळीलाही चालेल. आत मऊ, वरून जेमतेम कुरकुरीत, आणि ओढून तोडायला काही नाही. खारीचे कण कवळीखाली जातात अशी तक्रार असते ना, ती इथे येणार नाही.

घासाएवढे तुकडे हे माझं डोकं नव्हे. अपिसियसच्या नावाने चालत आलेला रोमन लोकांचा एक जुना पाककृतींचा संग्रह आहे. त्यात सांगितलंय की पांढऱ्या पावाचे कडक पापुद्रे काढा, मोठे मोठे घास मोडा, दुधात भिजवा, तळा आणि वर मध ओता. अंड्याचं नावही नाही. म्हणजे शिळा पाव फुकट घालवायचा नाही ही अक्कल सगळ्या आयांना तेव्हापासून आहे.

आता पाव. इथे ज्यू लोकांच्या बेकऱ्यांत शुक्रवारी खल्ला नावाचा वेणीसारखा वळलेला, अंडं घातलेला पाव मिळतो. शुक्रवारचा उरलेला पाव रविवारी बरोब्बर हवा तितका शिळा होतो. तुम्ही नाक्यावरच्या बेकरीतला लादी पाव घ्या. तो चौकोनी मोडायलाही सोपा, एकाचे सहा तुकडे. शिळा करायला बाहेर ठेवू नकोस, आपल्या हवेत त्याला बुरशी येईल. फ्रिजमध्ये ठेव. थंडीत पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो, म्हणून फ्रिजमधला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एरवी वाईट, इथे उपयोगाचं. तरीही ओलसर वाटला तर तुकडे कोरड्या तव्यावर मंद आंचेवर जरा परतून घे. ताजा पाव मात्र वापरू नकोस, अंड्यात पडला की त्याचा लगदा होतो.

तीन पाव, दोन अंडी, अर्धा कप दूध, चिमूटभर मीठ, एक चमचा साखर, अर्धा चमचा दालचिनीची पूड. दालचिनी थेट दुधात टाकलीस तर ती वर तरंगते, गुठळ्या होतात आणि पहिल्या चार तुकड्यांना सगळी चिकटून बसते. ती आधी साखरेत कोरडी मिसळायची, मग त्यात अंडी फेटायची आणि शेवटी दूध. तुकडे सगळे एकदम बुडवायचे नाहीत, तव्यावर मावतील तेवढेच. दोन्ही बाजूंनी लोळवले की लगेच उचलायचे.

लोण्यात भाजा असं इथली पुस्तकं सांगतात, पण लोण्यातला दुधाचा अंश करपतो आणि काळे ठिपके येतात. तुझ्या घरच्या तुपात हे होतच नाही, कारण तो अंश बेरीबरोबर केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून तूप. आंच मध्यमपेक्षा कमी, आणि तुकडे चारी बाजूंनी फिरवत राहायचं. घाई करायची नाही, कारण बाहेरून रंग येतो आणि आत अंडं कच्चं राहतं. इथे अंड्याचा पदार्थ आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापावा असं सांगतात, आणि म्हाताऱ्या माणसांनी तर कच्चं अंडं टाळावंच. (म्हातारी माणसं म्हटलं म्हणून बाबांनी रागावू नये.) थर्मामीटर नको. एक तुकडा चमच्याने दाबून बघ. ओल बाहेर आली तर अजून ठेव, दबून परत वर आला तर झाला.

उतरवले की गरम असतानाच चार चमचे साखर आणि एक चमचा दालचिनी मिसळलेल्या डब्यात टाकून हलवायचे. दालचिनीचा मोठा भाग असा शेवटी, कारण तव्यावर ती कडवट होते. हे झालं आई तुझ्यासाठी. बाबांचे तुकडे आधीच बाजूला काढून त्यांना नुसती दालचिनी. आणि बाबा, "मग गूळ चालेल" असं म्हणू नका. ग्लुकोमीटरला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही. बरोबर पेरूच्या किंवा पपईच्या फोडी घ्या. इथे वर मेपलचा पाक ओततात. शेजारच्या व्हरमाँट राज्यात थंडी सरताना झाडांना भोक पाडून रस काढतात आणि साधारण चाळीस लिटर आटवून एक लिटर पाक होतो. चव छान आहे, पण त्यासाठी तुमचं काही अडलेलं नाही.

श्रावणात तू अंडं खात नाहीस, तेव्हा अंड्याऐवजी दोन चमचे कस्टर्ड पावडर थंड दुधात कालव. ही पावडर १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून तयार केली. तुकडे जरा कमी फुलतात, पण खाताना वाईट लागत नाहीत.

खरं लिहायचं होतं ते दालचिनीबद्दल.

मागच्या दारी बाबांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून आणून लावलेलं 'कोकण तेज' जातीचं दालचिनीचं झाड आहे. पावसाळा सरला की तुम्ही फांद्या काढता, वरची खरबरीत साल खरवडून आतली साल सावलीत वाळवता. पातळ, एकात एक गुंडाळलेली, बोटाने मोडेल अशी. ती पुडीत बांधून मला येते, पुण्याला मावशीकडे जाते, शेजारी जाते, डॉक्टरांकडेही जाते. आणि फोनवर कळलं की बाबा रोज सकाळी कोमट पाण्यात जी घेतात ती बाजारातली तयार पूड! घरची संपली म्हणे. घरची वाटून संपवली, असं म्हणा.

बाबा, बाजारात बहुतेक मिळते ती कॅसिया, म्हणजे दालचिनीचीच दुसरी जात. जाड, टणक, एकाच थराची साल, मोडायला बत्ता लागतो. इथल्या दुकानांतही तीच असते. पदार्थात चिमूटभर पडते तोवर कुणाला काही होत नाही. रोज औषधासारखी घेणं वेगळं. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते फार दिवस जास्त गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होतो. युरोपातली मर्यादा वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.१ मिलिग्रॅम आहे. जर्मन तज्ज्ञांच्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाने रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त कॅसिया घेऊ नये, आणि एक चहाचा चमचा भरला की ते ओलांडलं जातं. तुमचा चमचा शिगोशीग असतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्या झाडाच्या सालीत कुमारिन नावापुरतंच.

शिवाय दालचिनीच्या पाण्याने रक्तातली साखर उतरते असं व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं, पण मधुमेहासाठी दालचिनी नेमाने घ्यावी इतका पुरावा नाही असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाणी बंद ठेवा, आणि त्यांनी दिलेली गोळी मात्र चुकवू नका. तयार पुडीवर माझा राग आणखी एका कारणाने आहे. २०२३ साली इथे लहान मुलांच्या सफरचंदाच्या गराच्या पाकिटांत दालचिनीच्या पुडीतून शिसं गेल्याचं निघालं, आणि पुढच्या वर्षी अन्न-औषध प्रशासनाने काही तयार पुड्यांबद्दल इशारे दिले. तेव्हापासून मी तुमची साल मिक्सरमध्ये लागेल तेवढीच वाटते. परवाच्या ब्रंचला एकीने विचारलं की ही दालचिनी कुठली, इतकी गोड कशी लागते. मी दापोलीचं नाव सांगितलं आणि नकाशावर दाखवलंही.

या वर्षी साल निघाली की आधी तुमची बरणी भरा. वर्षभराची. मग मावशी, मग डॉक्टर, मग मी. उरली नाही तर मी इथली वापरीन, ब्रंचला येणाऱ्यांचं काही बिघडत नाही. आणि रविवारी सकाळी साडेआठला हे करून बघा, दूध-पोह्यांचा विषय निघण्याआधीच.

नातवाचा साष्टांग नमस्कार. तो म्हणतो, आजीला सांग की काडी टोचताना वरून नको, बाजूने टोच. जावईबापू मजेत आहेत.

तुमची,
छकुली

ता. क. माळ्यावर डावीकडे, जुन्या पंख्याच्या मागे, मी आणलेला नॉनस्टिक पॅन अजून खोक्यात आहे. आई, तो जपून ठेवायला दिलेला नाही. बाबांना शिडीवर चढू देऊ नका, शेजारच्या मुलाकडून काढून घ्या आणि त्यालाही चार तुकडे द्या.