फोटो पाठवू नकोस, शनिवारी ये

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय सुन्या,

तुझा फोटो मी सकाळी चहा पिता पिता उघडला. शेजारी बायको मेथी निवडत बसलेली. लका, निदान वर एक ओळ तरी टाकायचीस, 'एकटा असशील तेव्हा बघ' म्हणून. फोनवर बोलावं तर आमच्या घरात कुजबुजलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

लिंगाच्या बोंडीच्या कडेला बारीक पांढरट दाणे, एका ओळीत, दुखत नाहीत, खाजत नाहीत, आणि लग्न पाच आठवड्यांवर. म्हणून विचारायलायस, 'मोडू काय?' अरे, गुजरीत मंगळसूत्र घडायला टाकलंय तुझ्या आईनं! आधी माझं ऐक.

मलाही हे झालंय. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू हसला असतास. उद्यमनगरात फौंड्रीत नाईटला होतो तेव्हाची गोष्ट. भट्टीची धग, जाड जीन, घामानं जांघा चिंब. त्यात चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री मला हुक्की आली आणि दाढीचंच ब्लेड घेऊन सगळं साफ केलं. साबण नाही, काही नाही, उलट्या दिशेनं खरड खरड खरडलं. चौथ्या दिवशी लाल पुळ्या, काहींच्या टोकाला पू. आईला एवढंच म्हणालो, जांघेत पुरळ आलंय. ती म्हणाली, उष्णता झालीय, आणि आठवडाभर सब्जा पाजला. मी पण गप प्यायलो.

मग मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर दोन बायका उभ्या, म्हणून नुसतं 'खाजेचं मलम द्या' म्हटलं. पोरानं न विचारता ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज बंद! मी खूश. आठवड्यानं दुप्पट पसरलं. परत ट्यूब, परत आराम, परत दुप्पट. असे तीन महिने काढले. शेवटी कातडी इतकी पातळ झाली, की चालताना मीठ लावल्यासारखं चुरचुरायचं.

चामडीच्या डॉक्टरांनी टॉर्च लावून भिंगातनं बघितलं. पाच मिनिटं लागली, जास्त नाही. म्हणाले, पुळ्या म्हणजे केसतोड. ब्लेडनं केस तिरका कापला जातो, त्याचं टोक वळून परत कातडीत घुसतं आणि तिथं सूज येते, जंतू बसतात. शेजारी नायटा होता, म्हणजे घामानं वाढलेली बुरशी. आणि ट्यूबमध्ये होतं स्टेरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, खाली बुरशी मजेत वाढत राहते. जांघेत वळ पडले ते अजून आहेत, जाणार नाहीत म्हणतात.

मी निघणार तेवढ्यात धीर करून त्यांना तुझ्यासारखेच ते कडेचे दाणे दाखवले. खरी भीती त्याचीच होती मला. ते हसलेच. म्हणाले, ह्याला मोत्यासारखे दाणे म्हणतात, वयात आल्यावर कितीतरी पुरुषांना दिसतात. रोग नाही, घाणीनं होत नाहीत, बायकोला लागत नाहीत, घासून जात नाहीत. औषधच नाही, कारण आजारच नाही. दुसरं एक बघ. आरशात ओठ उलटा करून बघ, पिवळट ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. तसलेच ठिपके खालच्या कातडीवर आणि अंडाच्या पिशवीवर पण असतात. त्यालाही काही करायचं नसतं.

आता रागावू नकोस, पण विचारणं भाग आहे. चाकणला गेल्यापासून कुठं काही घडलंय काय? मला सांगू नकोस, डॉक्टरांना सांग. कारण तुझं वर्णन मोत्यांसारखं वाटतंय खरं, पण तुझ्या त्या अंधाऱ्या फोटोत मला रंकाळा तलाव पण दिसला असता. आणि काही गोष्टी खरंच लागतात. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे खडबडीत मोड आले तर चामखीळ, ती एचपीव्ही नावाच्या विषाणूची. गुळगुळीत दाणा आणि मधोमध खळगा असेल तर तो वेगळा विषाणू. पाणी भरलेल्या फोडांचा घोस, आग, फुटून जखमा, ही हर्पिसची लक्षणं.

सगळ्यात लबाड म्हणजे गरमी, सिफिलिस. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एकच टणक जखम येते आणि ती बहुतेक वेळा दुखतच नाही. काही आठवड्यांत आपोआप भरते. माणूस म्हणतो सुटलो, आणि रोग आत चालूच राहतो. वेळेत कळलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो. म्हणून 'दुखत नाही ना, मग काही नाही' हा तुझा हिशोब मला पटत नाही.

रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पण, तर खरूज. राजारामपुरीतली आपली खोली आठव. एकाला झाली आणि तिघांना लागली, कारण टॉवेल एक. तू एकट्यानंच मलम लावलंस, आम्ही लावलं नाही, म्हणून महिनाभर फिरत राहिली. त्यात घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून खाली लावायचं असतं आणि आठवड्यानं पुन्हा, हे मला फार नंतर कळलं.

डॉक्टरांना दाखवेपर्यंत काहीच लावू नकोस. ट्यूब नको, चुना नको, तुझ्या काकांची ती आखाड्यातली माती पण नको. जंतुनाशकाच्या पाण्यानं धुवायचं तर मुळीच नको, मी एकदा धुतलं आणि रात्रभर फॅनखाली पाय फाकून झोपलो. कातडी मागे घेऊन साध्या पाण्यानं धू, कोरडं कर. सुती चड्डी घाल. पुळी आलीच तर फोडू नकोस, कोमट पाण्यात फडकं बुडवून शेक. आणि ब्लेड लग्नापर्यंत न्हाणीघरातनं बाहेर ठेव, वाटलंच तर ट्रिमर.

शनिवारी ये. माझ्या डॉक्टरांकडं जाऊ, नाहीतर सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात. मेडिकल कॉलेजच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथं असली तपासणी फुकट होते आणि गुप्त राहते. आत यायला लाज वाटत असेल तर मी बाहेर बाकड्यावर पेपर वाचत बसतो. काही निघालंच तर उपचार होईपर्यंत सबूर, आणि तिलाही सांगावं लागेल. ते कसं सांगायचं ते तेव्हा बघू. त्याआधीच लग्न मोडायची घाई करू नकोस.

काम आटोपलं की गंगावेशीत दूध पिऊ. येताना स्वतःचा टॉवेल आण. माझा देणार नाही.

तुझा,
बाळ्या