नागपुरातल्या बर्डीच्या लॉजवाल्या काकूंना, साताऱ्याहून

काकू, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय झालं बाई" म्हणून लगेच आईची शुगर विचारायला लागता, म्हणून हे असं सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. तुमचं आणि लॉजचं नाव टाकत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण काय काय केलंत ते लिहिणार, ते मला राहवत नाही.

आमचं सगळं ठरलेलं होतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी गेटची सकाळची सफारी, परमिट आधीच ऑनलाइन काढलेलं, आणि जंगलाजवळच्या एका रिसॉर्टची रूम, अॅडव्हान्स भरून, कन्फर्मेशनचा मेसेज हातात. सातारा ते नागपूर महाराष्ट्र एक्सप्रेस म्हणजे अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस, त्यात गाडी लेट, आणि वर्धा मागे टाकलं तेवढ्यात रिसॉर्टचा फोन की मोठा ग्रुप आलाय, तुमची रूम देता येत नाही, पैसे नंतर बघू. फोन ठेवून दिला त्यांनी. सोबत गुडघ्याने बेजार झालेली आई, छोटा मुलगा, आणि डिसेंबरचं नागपूर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं, आणि त्या काळात मंत्री रविभवनला, आमदार आमदार निवासात हे ठीक आहे पण त्यांच्या मागून येणारे कार्यकर्ते, अधिकारी, पत्रकार, बंदोबस्ताचे पोलीस आणि राज्यभरातून मोर्चे घेऊन आलेली माणसं, ही सगळी शहरात कुठेतरी झोपतातच ना. गणेशपेठ बसस्टँडपासून बर्डीपर्यंत जिथे विचारलं तिथे फुल्ल, आणि जिथे नव्हतं तिथे भाव ऐकूनच आम्ही मागे फिरलो. शेवटी ऑटोवाले भाऊच म्हणाले, एका काकूंकडे विचारून पाहू, आणि तुमच्या दारात आणून सोडलं.

तुमच्याकडेही रूम नव्हती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "नाही" म्हणणं तुम्हाला अगदी सोपं होतं आणि त्यात तुमची काही चूकही नसती. तुम्ही आईकडे पाहिलंत, म्हणालात, "आधी बसा तं. पाणी घ्या. मंग पाहू." मग वरच्या मजल्यावर तुमच्या मुलाच्या खोलीत आम्हा मायलेकांची गादी घातली, आणि आईला जिना चढता येत नाही म्हणून काउंटरमागची तुमची स्वतःची खोली दिली, तिथे कमोड आहे म्हणून. तुम्ही स्वतः हॉलमध्ये झोपलात, मोर्चाला आलेल्या गडचिरोलीकडच्या अंगणवाडी सेविकांच्या रांगेत सतरंजी टाकून. तुमचा मुलगा कुठे झोपला ते तर मला अजून कळलेलं नाही!

कितीतरी ठिकाणी राहिलो आम्ही आजपर्यंत, चांगल्या चांगल्या रिसॉर्टला पण. अॅपवर स्विमिंग पूलचे फोटो असतात, बेडवर टॉवेलचे हंस असतात, पण बाथरूमला पायरी आहे का, धरायला काही आहे का, हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि फोन करून विचारलं तर समोरच्याला माहीत नसतं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरणाऱ्याला तेच आधी लागतं. तुम्ही आईच्या चालण्याकडे बघून ते ओळखलंत.

आणि ते इन्सुलिन. प्रवासात थर्मासमधला बर्फ कधीच विरघळला होता, न उघडलेली पेनं थंडच ठेवायची असतात, आणि मी अगदी संकोचून विचारलं की काकू फ्रिजमध्ये थोडी जागा मिळेल का. तुम्ही काही न विचारता स्टीलचा छोटा डबा काढला, पुसून कोरडा केला, पेनं कापडात गुंडाळून आत ठेवली आणि डबा मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला सरकवला. वर फ्रीझरजवळ ठेवायचं नाही, गोठलं की वाया जातं, हे तुम्ही मला सांगितलंत, काकांच्या वेळी शिकले म्हणालात. डब्यावर चिठ्ठी चिकटवली, "साताऱ्याच्या आई, हात लावू नये". दुसऱ्याच्या घरच्या औषधाला कुणी एवढं जपतं का हो? तिथे माझे डोळे भरले होते, तुम्हाला दिसू नये म्हणून मी बॅग आवरत बसले.

खोलीच्या भावाबद्दल पण बोलायचंय. कुणाकडे किती मागतायत हे आम्ही नुकतंच ऐकून आलो होतो, तर तुम्ही भिंतीवरच्या रेटकार्डकडे बोट दाखवलंत, "जे लिहून ठेवलं तेच. अधिवेशन आलं म्हणून पलंग काही मोठा होत नाही." हॉलमधल्या ताईंकडून तर तुम्ही गादीचे पैसेसुद्धा घेत नव्हता, त्यांनीच जबरदस्तीने दिले ते मी पाहिलं. त्यांचं पण थँक्यू सांगा, आमच्या मुलाला रात्री गोष्ट सांगून त्यांनीच झोपवलं.

सफारी बुडणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. तुम्ही गल्लीतल्या मुलाला रात्रीच फोन लावलात, गाडी पहाटे चारच्या आत दारात. त्याच्याही आधी तुम्ही उठलेल्या, बादलीभर गरम पाणी, आणि डब्यात दुधातल्या दशम्या, गूळ न घालता, जवसाची चटणी, आणि वेगळी एक साखरेची पुडी, "जंगलात शुगर उतरली तं लागते". निघताना परत हाक मारलीत, ओरिजिनल आधार घेतलं का, गेटवर झेरॉक्स चालत नाही. आईचं आधार खरंच तुमच्या काउंटरवर रात्री झेरॉक्ससाठी दिलेलं तिथेच होतं, तुम्ही ते आठवणीने हातात दिलंत. ते राहिलं असतं तर सत्तरेक किलोमीटर जाऊन आई गेटबाहेर बसली असती.

जाताना ड्रायव्हर दादाने ४४ नंबरच्या हायवेवर प्राण्यांसाठी रस्त्याखालून सोडलेल्या वाटा दाखवल्या, पेंचच्या पट्ट्यात अशा नऊ आहेत, वर ट्रक धावतात आणि खालून वाघ, चितळ, रानकुत्रे जातात, कॅमेऱ्यात आलेत म्हणे सगळे. आम्हाला वाघ नाही दिसला. पण सांबरं दिसली, गवा अगदी रस्त्याकडेला दिसला, आणि आई जिप्सीत तुमची जाड चादर गुंडाळून पुढे वाकून बघत होती, कितीतरी महिन्यांनी मी तिला गुडघा विसरलेलं पाहिलं. नागपूरच्या नळाला येतं ते पाणी याच पेंच नदीचं हे दादाने सांगितल्यावर तिने तर हातच जोडले, म्हणाली त्या बाईच्या घरचं पाणी इथून जातं होय.

रिसॉर्टचं पण सांगते, कारण ते काम तुमच्या मुलामुळे झालं. मी पैसे सोडूनच दिले होते. त्याने मला बसवून पेमेंटचा स्क्रीनशॉट, कन्फर्मेशनचा मेसेज, त्यांच्या फोनची वेळ, सगळं एका जागी करायला लावलं आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही, हेही त्यानेच सांगितलं. तेवढी वेळ आली नाही, तक्रारीचा नंबर पाठवल्यावर काही दिवसांनी पैसे खात्यात आले. वाचणाऱ्यांनी हे लिहून ठेवा, बाहेर बुकिंग करताना उपयोगी पडेल. भाऊ, तुझे आभार वेगळे, तू ऑफिसला उशीर करून हे सगळं केलंस.

काकू, आई आता बरी आहे, शुगर आटोक्यात आहे, जवसाची चटणी ती घरी करायला लागली पण तुमच्यासारखी होत नाही असं स्वतःच म्हणते, तेव्हा जवस किती भाजायचं ते तिला फोनवर नीट सांगा. आणि तुम्ही म्हणाला होतात की लॉज सोडून कुठे जाणंच होत नाही, ते आता नाही चालणार. कास पठारावरची फुलं ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर असतात, शनिवार-रविवार फार गर्दी होते म्हणून मधल्या वारी जाऊ, पासाचं ऑनलाइन बुकिंग मी करते, राहायचं आमच्याच घरी. आईने खालची खोली तुमच्यासाठी आत्ताच ठरवून टाकलीय. तारीख तेवढी कळवा.

तुमची,
साताऱ्याची पोरगी