प्राथमिक शाळेत समुद्राचीही ओळख हवी

महोदय,

जागतिक व्यापारातील सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो; तरीही ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नावर प्राथमिक शाळेतील मुलांना डॉक्टर, पोलीस, वैमानिक आठवतात आणि जहाजाचा कप्तान आठवलाच, तर तो बहुधा चाच्यांच्या गोष्टीतला असतो.

ही ओळख करून देण्यासाठी नवे पुस्तक नको. पाण्याने भरलेल्या बादलीत स्टीलची वाटी सोडावी, वाटीवर बाहेरून आडवी रेघ मारावी आणि मुलांना तिच्यात एकेक गोटी टाकायला सांगावे. पाणी रेघेला टेकले की थांबायचे. मालवाहू जहाजाच्या बाजूवर अशीच भाररेषा रंगवलेली असते. खाऱ्या पाण्यात जहाज थोडे वर तरंगते, गोड्या पाण्यात थोडे खाली बसते, म्हणून तेथे दोन्हींसाठी वेगळ्या खुणा असतात. बादलीत भरपूर मीठ विरघळवून मुलांना हेही पडताळता येईल (वर्ग ओला होईल, हे मान्य).

त्यानंतर इंजिनरूममधले अभियंते, जहाज बंदरात सुखरूप आणणारे पायलट, समुद्रतळाची खोली मोजणारे सर्वेक्षक यांच्याविषयी बोलता येते. हे सारे मुलींनाही खुले आहे, हे आवर्जून सांगावे. महिनोन्महिने घरापासून दूर राहावे लागते, हेही लपवू नये.

२५ जून हा आंतरराष्ट्रीय नाविक दिन. त्या सुमारास एखाद्या खलाशाला वर्गात बोलवावे आणि भाषणाऐवजी त्याला मुलांना दोराच्या गाठी मारायला शिकवू द्यावे.

आपला,
एक पालक