कागदावर ताईचंच नाव का

सांगली

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

ताईने तुला सांगितलं असेलच, तरी माझ्याकडूनही कळावं म्हणून लिहितेय. मी लिव्हिंग विल केलंय, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलंय. दोन साक्षीदारांसमोर सही केली, नोटरीचा शिक्का घेतला, एक प्रत महापालिकेत आणि एक आपल्या डॉक्टरांकडे दिली. माझं मला सांगता येणार नाही अशी वेळ आली तर माझ्या वतीने कोण बोलणार, तिथे ताईचं नाव आहे. एकाहून जास्त नावं घालता येतात, हे मला माहीत होतं. मुद्दाम एकच घातलं.

तुला लागणार हे. पण बाबांच्या वेळचं आठव. तू फोनवर म्हणालास, "मी पोचेपर्यंत काहीही करून ठेवा." डॉक्टरांनी मशीनवर ठेवलं. तू आलास, आणि मग "आता काढा" म्हणायची कोणाचीच छाती होईना, तुझी नाही आणि माझीही नाही. मी तुला दोष देत नाही. आयसीयूत ड्यूटी करताना हे मी कितीदा पाहिलंय. जो लांबून येतो तो "सगळं करा" म्हणतो, कारण त्याने आधीचे महिने पाहिलेले नसतात. जवळची सून किंवा मुलगी कोपऱ्यात गप्प उभी असते. तिला सगळं कळत असतं, पण तिला विचारतो कोण?

अरुणा शानबाग तुला बातम्यांपुरती माहीत. आम्ही नर्सिंगला होतो तेव्हा ते नाव घेतलं की वर्ग गप्प व्हायचा. ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच तिच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि १८ मे २०१५ला ती गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं तिथल्या सिस्टरांनी तिला भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. एवढ्या वर्षांत तिला बेडसोअर, झोपून झोपून पडते ती जखम, होऊ दिला नाही. जिने हे काम केलंय तिलाच कळेल ते केवढं आहे. तिचं अन्न थांबवू द्या अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा मार्च २०११च्या निकालात कोर्टाने म्हटलं की तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या लोकांचा, कारण रोज तिचं करणारे ते आहेत. त्यांना ती हवी होती, म्हणून याचिका फेटाळली. गंमत अशी की त्याच निकालाने, बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार काढून घेण्याची वाटही उघडली. मी त्यातून एवढंच घेतलं की ज्याचा हात रोज अंगाला लागतो, बोलायचं त्याने. माझ्या घरात तो हात ताईचा आहे.

आता तुझी भीती. या कागदाचा अर्थ "आईला काही झालं तर सोडून द्या" असा नाही. न्यूमोनिया झाला, खुबा मोडला, तर मला दवाखान्यात न्या, लागलं तर आयसीयूतही ठेवा. कागद चालतो तो मी बोलू शकत नसेन आणि बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच. तेही ताई म्हणाली म्हणून लगेच नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ बघतात, मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालात हे सगळं इतकं किचकट होतं की कागद करायला मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, म्हणून तर मी केलं. आणि माझं मन बदललं तर मी तो रद्दही करू शकते.

तशी वेळ आली तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, हृदय थांबल्यावर छाती दाबायची नाही. म्हाताऱ्या माणसाच्या फासळ्या मोडलेल्या मी हाताखाली अनुभवल्यात. नाकातून नळी घालून भरवायचं नाही. शेवटी भूक आपोआप जाते, शरीराला अन्न पेलत नाही, बळंच भरवलं तर ते फुप्फुसात उतरतं. "उपाशी मारलं" म्हणणारे नातेवाईक येतीलच. त्या वेळी ताईच्या बाजूने तू बोलायचंस. तोंड ओल्या कापसाने पुसत राहायचं, ओठांना तूप लावायचं. घशात घरघर सुरू झाली की ऐकणाऱ्याचा जीव जातो, पण तेव्हा आत त्याचा त्रास बहुधा जाणवत नसतो. कुशीवर वळवलं की कमी होते.

दुखणं मात्र एक क्षण सोसायचं नाही. मॉर्फिन लागलं तर द्यायचं, आणि त्याबरोबर पोट साफ व्हायचं औषधही, हे भले भले विसरतात. "सवय लागेल" म्हणणाऱ्याला बाहेर बसव. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४मध्ये कायदा बदलला, तरी ते सगळीकडे मिळत नाही, म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर ताईजवळ देऊन ठेवलाय.

गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे द्यायचे. आणि तुझ्यासाठी मला बर्फात ठेवायचं नाही. हे लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.

तुझ्याकडे काम नाही असं समजू नकोस. ताईला "काय मदत करू?" विचारलंस तर ती "काही नको" म्हणेल. म्हणून विचारू नकोस. ब्युरोच्या बाईचा पगार पहिल्या महिन्यापासून तू भरायचा, रात्रपाळीच्या बाईचाही. रजा काढून येशील तेव्हा पाहुणा म्हणून नको. ताईला तिच्या मैत्रिणींबरोबर कोकणात पाठवायचं आणि बेडपॅनपासून सगळं तू करायचं. मी शिकवीन, सिस्टरचा हात आहे माझा.

मी झोपून राहिलेय असं मात्र समजू नकोस. मोरीत आणि संडासात धरायला दांडे बसवले, घसरणारी पायपुसणी फेकून दिली. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचा व्यायाम रोज चालू आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून कुंड्यांमधलं तण दिसायला लागलंय, त्यामुळे काम वाढलं.

कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतेय. नीट वाच. राग आला असेल तर रविवारी मला फोन करून भांड, ताईला नको.

तुझी,
आई