ओढ्यावरची अभ्याससहल : सहावी ते आठवीच्या पालकांसाठी सूचना

पालक सभासदहो,

या शनिवारच्या सहलीचं संमतीपत्र गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या. सही नसेल तर मुलाला नेता येणार नाही.

ही पिकनिक नाही, हे घरी एकदा सांगून ठेवा. मुलं काठावर 10 मीटर अंतर आखतील, पाण्यात वाळकी काडी सोडतील आणि स्टॉपवॉच लावून तीनदा वेळ मोजतील. काडी 20 सेकंदांत पोचली, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. वर्गात हे गणित दोन ओळींत संपतं. ओढ्यावर काडी मध्येच दगडाला अडकते, आणि ती मोजणी धरायची की सोडायची यावर गटात जुंपते. आम्हाला तेच हवंय! पीएच पट्टीने पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हेही तपासू (7 म्हणजे उदासीन).

भिजले तरी चालतील असे बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल घाला, स्लिपर नको. वहीबरोबर पेन्सिलच द्या, पेनाची शाई पाण्याने पसरते. मोबाइल घरी.

दमा, ॲलर्जी, चालू औषधं संमतीपत्रावर लिहाच. मागच्या खेपेला एका मुलाच्या दम्याचं बस सुटताना कळलं.

घरी आल्यावर आकडे दुरुस्त करून देऊ नका. चुकलेल्या मोजणीवरच सोमवारी वर्गात बोलायचं आहे.